नानांचं आजारपण, लिव्हिंग विल आणि नंतरचे महिने : आम्ही वापरलेल्या सोयींचा अनुभव

नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फुफ्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालं, तेव्हा तो मणक्यापर्यंत पसरलेला होता. तिथपासून ते जाईपर्यंत, आणि ते गेल्यावर आत्तापर्यंत, आमच्या घराने ज्या सोयी, कागद आणि फोन नंबर वापरले त्यांचा हा अनुभव. आज कुणाच्या तरी घरात सगळे झोपल्यावर कुणीतरी मोबाइलवर हेच शोधत असणार. त्या माणसासाठी लिहिते आहे. आमचं गाव तालुक्याचं, पुण्याहून बरंच लांब. मोठ्या शहरात यातल्या काही गोष्टी सोप्या जातील.

पॅलिएटिव्ह केअरपासून, म्हणजे आजारी माणसाचं दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेपासून, सुरुवात करते, कारण माझ्या मते बाकीचं सगळं तिच्या जिवावर चालतं. आपल्याकडे अशी रीत पडली आहे की डॉक्टरांनी 'आता घरी घेऊन जा' म्हटल्यावर मग या टीमचं नाव निघतं. आम्ही केमो चालू असतानाच गेलो. ओपीडीच्या बाहेर शेजारी बसलेल्या एका काकूंनी त्यांच्या यजमानांबद्दल सांगितलं, म्हणून गेलो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो शब्द कुठेही नव्हता. नानांना तेव्हा पाठीत इतकं दुखायचं की रात्री कूस बदलता येत नसे, आणि कर्करोगाचे उपचार करणाऱ्यांचं सगळं लक्ष गाठीच्या मापावर. पॅलिएटिव्ह टीमने पहिल्या भेटीत गाठीचा विषयच काढला नाही. झोप लागते का, पोट साफ होतं का, काय खावंसं वाटतं, कशाची भीती वाटते, हे विचारलं. आईलाही वेगळं बसवून विचारलं.

पुण्यात वारजे इथं १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र आहे. कर्करोगाच्या रुग्णांकडून तिथं पैसे घेत नाहीत आणि घरचं माणूस रुग्णाजवळ राहतं. आम्ही तिथं काही दिवस राहून आलो. मुंबईकडच्या लोकांसाठी टाटा रुग्णालयात पॅलिएटिव्ह विभाग आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे आणि त्यांची शाखा गोव्यातही आहे. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ मध्ये सुरू झाला. त्याखाली काही जिल्हा रुग्णालयांत कक्ष आहेत, तेव्हा आपल्या जिल्ह्यात तो आहे का हे सिव्हिलमध्ये जाऊन विचाराच. आमचं पुढचं सगळं वारज्याच्या केंद्रातल्या सिस्टरांच्या फोनवर निभावलं. अडचण अंतराची आहे. घरी येणारी पथकं ठरावीक हद्दीतच फिरतात, आमच्यासारख्यांना औषध आणायला जावंच लागतं, आणि आजारी माणसाला घरी ठेवून कुणी जायचं हा प्रश्न दर खेपेला उभा राहतो.

वेदनेवर मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून काढलेल्या औषधाच्या, गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा घर हादरलं. आई म्हणाली, "म्हणजे शेवट आला का?" भावाला वाटलं, सवय लागेल. डॉक्टरांनी दोघांना बसवून समजावलं की वेदनेसाठी नीट मोजून दिलेलं मॉर्फिन माणसाला व्यसनी करत नाही आणि आयुष्यही तोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी औषधांच्या ज्या पायऱ्या सांगितल्या, त्यांत वरच्या पायरीवर मॉर्फिनच आहे. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, पण गावातल्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवून मिळेल या भरवशावर राहू नका. पुढच्या गोळ्या आणायची तारीख आधीच धरून ठेवा.

ही गोळी दुखायला लागल्यावर घ्यायची नसते, घड्याळावर घ्यायची असते. नानांना सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. तुमच्या माणसाचं प्रमाण तुमचे डॉक्टर ठरवतील. पोट साफ होण्याचं औषध मात्र पहिल्या दिवसापासून सोबत हवंच, नाहीतर वेदना थांबते आणि बद्धकोष्ठता छळायला लागते. आईने वाणसामानाच्या वहीत रकाने पाडले : वेळ, गोळी, शी झाली का, दहापैकी किती दुखतंय. नाना प्राथमिक शिक्षक होते, गुण द्यायचं काम त्यांच्या हातचं. "आज चार," म्हणायचे. सुरुवातीला आठ-नऊ असायचे, नंतर कित्येक दिवस त्या रकान्यात दोन आणि तीनच दिसतात. ती वही मी जपून ठेवली आहे. त्या दोन-तीनच्या दिवसांत नानांनी नातवाला पाढे शिकवले, दोन जुन्या मित्रांना बोलावून घेतलं, आणि कोर्टकचेरीपर्यंत गेलेल्या चुलत्याशी फोनवर बोलले.

'त्यांना काही सांगू नका हं' हे वाक्य आमच्याकडेही सगळ्यांच्या तोंडी होतं, सगळ्यात जास्त आत्याच्या. केंद्रातल्या डॉक्टरांनी नानांनाच विचारलं, "गुरुजी, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे? आणखी जाणून घ्यायचंय का?" नाना म्हणाले, "मला सगळं कळतंय, घरचे कधी बोलतील याची वाट बघतोय." त्या संध्याकाळी आमच्या घरातलं कुजबुजणं थांबलं. कुणी सांगायचं, कधी सांगायचं यात घरं महिने घालवतात. ते काम करायला प्रशिक्षित माणूस असतो आणि त्याला ते नीट जमतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आता लिव्हिंग विल, म्हणजे आपण बोलण्याच्या अवस्थेत राहिलो नाही तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद. नानांनी स्वतःहून विषय काढला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची बातमी त्यांनी वर्षानुवर्षं वाचलेली होती. १९७३ मध्ये हल्ला, २०१५ मध्ये मृत्यू, मधली चार दशकं वॉर्डातल्या खाटेवर. त्यांच्याच प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा काही अटींवर निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जीव धरून ठेवणारे उपचार थांबवायला, वाट दिली. मग ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, धरला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. तेव्हाची पद्धत इतकी अवघड होती की न्यायदंडाधिकाऱ्यांची सही घ्यायला लागायची. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती साक्षांकित करायची. आपल्या वतीने कुणी बोलायचं त्यांची नावं त्यातच लिहायची, एकापेक्षा जास्त लिहिता येतात. नानांनी माझं आणि भावाचं लिहिलं. आईचं घातलं नाही, कारण "तिच्यावर हे ओझं नको."

नमुने ऑनलाइन मिळतात, बहुतेक इंग्रजीत. आम्ही मराठीत लिहिला आणि तेच बरं झालं, कारण आईने आणि आत्याने तो वाचला. 'कृत्रिम उपाय नकोत' एवढं मोघम लिहून भागत नाही. आमच्या पॅलिएटिव्ह डॉक्टरांनी एकेक गोष्ट वेगळी लिहायला लावली : व्हेंटिलेटर नको, हृदय थांबलं तर छाती दाबणं नको, नाकातून अन्नाची नळी नको, डायलिसिस नको. आणि पुढे काय हवं तेही : ऑक्सिजन चालेल, वेदना आणि धाप कमी करणारी औषधं शेवटपर्यंत हवीत, शक्य तोवर घरी ठेवावं. हा 'हवं'चा भाग बहुतेक नमुन्यांत अगदी तोकडा असतो. माझ्या मते तोच घरच्यांना धीर देतो. आपण काही करायचं सोडून दिलेलं नाही, हे त्यावरून दिसतं.

या कागदाची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जपून ठेवायला द्यायची असते. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले, त्यानंतर नेमणुका हलल्या. गोव्यात तर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं लिव्हिंग विल करून नोंदवलं. आमच्याकडच्या कार्यालयात मात्र टेबलावरच्या कुणालाच हे माहीत नव्हतं. एकाने मृत्युपत्र समजून निबंधकाकडे पाठवलं. शेवटी न्यायालयाच्या आदेशाची छापील प्रत सोबत नेली, आवक-जावकमध्ये अर्ज दिला आणि पोच घेतली. तुम्हीही तसंच करा. वाद घालण्यात वेळ जातो, पोच हातात राहते.

एवढं करून कागद वापरायची वेळ आली तेव्हा काय झालं, ते नीट सांगते. थंडीत एका रात्री नानांना धाप लागली. आम्ही घाबरून जवळच्या खाजगी रुग्णालयात नेलं. तिथले तरुण डॉक्टर म्हणाले, नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल, सही करा. नाना शुद्धीवर होते, मान हलवून नको म्हणत होते. मी लिव्हिंग विल पुढे केलं. त्यांनी पहिलं पान चाळलं आणि म्हणाले, "मॅडम, हे आमच्याकडे चालत नाही. उपचार नको असतील तर डामावर सही करा आणि घेऊन जा." डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेत असल्याचा कागद.

कायदा इथे काय म्हणतो ते मला आता पाठ झालंय. रुग्ण शुद्धीवर असेल, समजून नाही म्हणत असेल, तर त्याचा नकारच पुरेसा असतो. लिव्हिंग विल लागू होतं ते माणूस स्वतः ठरवण्याच्या अवस्थेत राहिला नाही तर. तेव्हाही रुग्णालयाने आधी स्वतःचं वैद्यकीय मंडळ बसवायचं : उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. अंमल करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. ही सगळी वाट आयसीयूत दिवसेंदिवस मशीनवर असलेल्या माणसासाठी आखलेली आहे, आणि तिथे ती मोलाची आहे. रात्री दीड वाजता कॅज्युअल्टीत ती चालून जायला कुणालाच वेळ नसतो.

त्या रात्री आम्हाला सिस्टरांनी सोडवलं. मी फोन लावला, त्यांनी त्या डॉक्टरांशी बोलणं केलं, आजाराची अवस्था सांगितली, सध्याचं मॉर्फिन किती ते सांगितलं, धापेसाठी कोणतं इंजेक्शन आणि किती ते सांगितलं. छातीत पाणी झालं होतं, ते काढलं. ऑक्सिजनवर रात्र गेली आणि दुसऱ्या दिवशी नाना घरी आले. जाताना त्याच डॉक्टरांनी माझ्याकडून कागदाचा फोटो मागून घेतला. म्हणून माझं मत असं झालंय की लिव्हिंग विल जरूर करा, पण त्यासोबत रात्री फोन उचलणारा, आजार माहीत असलेला एक डॉक्टर किंवा सिस्टर हवीच. कागद तिच्या तोंडून बोलला तरच समोरच्याला ऐकू जातो. आणि धाप लागली, दुखणं वाढलं, शुद्ध हरपली तर घरीच काय द्यायचं, हे आधीच लिहून औषधांच्या डब्यात ठेवा. त्या रात्रीनंतर सिस्टरांनी आम्हाला तसं लिहून दिलं आणि पुढे आम्हाला रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही.

शेवटच्या आठवड्याबद्दल माहिती मिळणं सगळ्यात कठीण गेलं. आजाराची माहिती ढीगभर मिळते, मरताना शरीराचं काय होतं ते मराठीत साध्या शब्दांत क्वचितच सापडतं. नानांनी खाणं सोडलं. आत्या रडत म्हणाली, "अगं, सलाईन तरी लावा, उपाशी कसे ठेवता?" सिस्टरांनी तिला फोनवरच समजावलं की शरीर आता अन्न मागत नाही, सलाईनचं पाणी अंगात साचेल, सूज येईल, धाप वाढेल. त्याऐवजी दर तासा-दोन तासांनी बोटाला स्वच्छ ओला गॉज गुंडाळून हिरड्या, जीभ आणि गाल आतून पुसायचे, ओठांना तूप लावायचं. ते काम आत्याने घेतलं. तिच्याइतक्या हळुवार हाताने ते कुणालाच जमलं नाही. नंतर घशातून घरघर यायला लागली, ती ऐकणाऱ्याला सोसत नाही, पण त्या अवस्थेत माणसाला त्याचा त्रास जाणवत नाही आणि कुशीवर वळवलं की आवाज कमी होतो, हे आम्हाला आधी सांगितलेलं होतं. श्वास थांबून थांबून येतो, हातपाय गार पडतात, हेही. माहीत असल्यामुळे आम्ही घाबरून गाडी काढली नाही. नाना पहाटे स्वतःच्या खाटेवर गेले. तुळशीपत्र आईने ठेवलं.

त्यांना नेत्रदान करायचं होतं. कर्करोग झाला की नेत्रदान होत नाही असं पुष्कळांना वाटतं. रक्ताचा किंवा डोळ्यांचा कर्करोग सोडला तर सहसा होतं. सहा तासांच्या आत पथक पोहोचायला हवं. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोकं उशीवर थोडं वर ठेवायचं. नेत्रपेढीचा नंबर आधीच भिंतीवर लावलेला असला तर उपयोग. त्या वेळी शोधायला सुचत नाही.

घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, नमुना ४अ, घ्यावं लागतं. कोण देणार हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर ऐन वेळी डॉक्टर शोधत फिरावं लागतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तयारी दाखवली होती, ते सकाळी सातला आले. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. दाखल्यावर नाव आधार कार्डावरच्या स्पेलिंगप्रमाणेच आहे ना, ते खिडकीवरून हलण्यापूर्वी बघा, आणि प्रती भरपूर घ्या. बँक, पेन्शन, विमा, गॅस, वीज, सोसायटी, सगळीकडे एकेक लागते.

पैशांच्या कागदांवर फार लिहीत नाही, कारण नानांनी ते चोख ठेवले होते. एवढंच सांगते की वारसदार म्हणजे नॉमिनी असा समज सोडून द्या. बँकेतला नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक ठरतो तो वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने. हाउसिंग सोसायटीतही नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्वच मिळतं. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण नानांचं नोंदवलेलं होतं म्हणून कुणी शंका काढली नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चार नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहिता येतो. लॉकरला मात्र एकामागून एक असाच क्रम लावायचा. आईच्या खात्यांना आम्ही ते करून घेतलं.

दुःखाच्या सोयींबद्दल लिहिताना हात जड होतो. तेरा दिवस घर भरलेलं असतं, माणसं येतात, पिठलं-भात करून आणतात, नानांच्या गोष्टी सांगतात. माझ्या मते आपल्या रीतीतला हा भाग फार शहाणपणाचा आहे. चौदाव्या दिवसापासून मात्र कुणी विचारत नाही, आणि आईचं खरं दुःख तिथून सुरू झालं. ती सकाळी सहाला उठून गोळीची वेळ झाली म्हणून डबा उघडायची. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी तिच्यासाठी लावला. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठी निवडता येते. पहिल्यांदा बोलणाऱ्या मुलीने घाईने झोपेबद्दल आणि भूकेबद्दल प्रश्न विचारले, आईने फोन माझ्या हातात दिला. दुसऱ्या वेळी एक वयस्कर ताई भेटल्या. त्यांनी "काकू, त्यांचं नाव काय होतं?" असं विचारलं, आणि आई जी बोलायला लागली ती अर्धा तास. म्हणजे कोण भेटतं यावर बरंच अवलंबून आहे. एकदा जमलं नाही म्हणून सोडू नका. टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) या संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवाही मी स्वतःसाठी वापरली. फोनशिवाय ईमेलवरही बोलता येतं, आणि ज्यांना रडताना आवाज फुटत नाही त्यांना लिहिणं बरं पडतं. आत्महत्येने माणूस गेलेल्या घरांसाठी पुण्यात कनेक्टिंग ट्रस्ट काम करतो. ते दुःख वेगळं असतं आणि तिथे तसाच अनुभव घेतलेली माणसं भेटलेली बरी.

दुःख कधी आजार होतं, हा प्रश्न मी समुपदेशकांना विचारला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाची वेगळी नोंद आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ ओढ आणि वेदना तशीच तीव्र राहिली, रोजचं जगणं अडलं, तर मदत घ्यायची. आई त्यात बसत नाही. ती रडते, पण भजनाला जाते, भाजी निवडताना शेजारणीशी बोलते. तिच्यासाठी सगळ्यात उपयोगी पडल्या त्या आमच्या पॅलिएटिव्ह सिस्टर. नाना गेल्यानंतरही त्यांनी अधूनमधून फोन केला, वर्षश्राद्धालाही केला. सेवेत हा भाग धरलेला असतो हे मला माहीत नव्हतं. निवड करायची असेल तर टीमला आधीच विचारा : माणूस गेल्यावर तुम्ही घरच्यांशी बोलता का?

आता आई तिचं लिव्हिंग विल करते आहे. तिच्या अटी नानांपेक्षा वेगळ्या आहेत. तिला काही दिवस व्हेंटिलेटर चालेल, बरं होण्याची आशा असेल तर. नाकातून नळी मात्र कोणत्याही परिस्थितीत नको. भाऊ दिवाळीला येईल तेव्हा नोटरीची तारीख घेतली आहे, साक्षीदार शेजारचे दोघे. एक प्रत औषधांच्या डब्यात, एक माझ्या मोबाइलमध्ये, एक फॅमिली डॉक्टरांकडे, एक कार्यालयात पोच घेऊन. आत्यानेही आईच्या कागदाची झेरॉक्स मागून नेली आहे. तिचा कागद लिहायला मी पुढच्या रविवारी तिच्याकडे जाणार आहे.